पन्नास मिनिटांची झोप

हेरवाडकरांच्या गाडीत बॅटरी बँक बसवायला तारा कुंभोजेला चार दिवस लागले. त्यातला दीड दिवस एकाच प्रश्नात गेला. बँक झोपली की शालनकाकूंचं यंत्र कशावर चालणार?

सांगली-मिरज रस्त्यावर ताराचं वर्कशॉप होतं आणि गेली बारा वर्षं ती फक्त फिरत्या घरांची कामं करत होती. टपावर सोलर पॅनेल, आत पलंग, ओटा, पंखा, फ्रिज, मागे चिमुकलं न्हाणीघर. अशी गाडी एके काळी हौशी पैसेवाल्यांची चैन होती. सोडियमच्या नव्या बॅटऱ्या आल्या आणि रिटायर झालेले कारकून, मास्तर, नर्सबाया घराला कुलूप लावून सहा सहा महिने रस्त्यावर राहू लागले. ऊन फुकट होतं आणि मुक्काम मनाला येईल तिथं.

या बॅटऱ्यांचं सगळं कौतुक त्यांच्या झोपेत होतं. कुठलीही बॅटरी भरत-उपसत राहिली की तिच्या आत धातूचे केसासारखे बारीक काटे वाढतात, मधल्या पडद्याला तडे जातात आणि आठ-दहा वर्षांत ती संपते. नव्या बॅटरीतला पडदा अशा पदार्थाचा होता, की साठ अंशांपर्यंत तापला की तो मेणासारखा मऊ व्हायचा. तडे भरून निघायचे, काटे जिरून जायचे, आणि थंड झाला की पडदा पुन्हा नवाकोरा. अट एवढीच, की ही डागडुजी चालू असताना बॅटरीत वीज येता कामा नये आणि तिच्यातून जाताही कामा नये. रोज पन्नास मिनिटं बॅटरी दार लावून घ्यायची, आपल्याच विजेवर आपल्याला तापवायची आणि बरी होऊन उठायची. कंपनीनं याला कागदोपत्री लांबलचक नाव दिलं होतं. लोक सरळ झोप म्हणत. रोज झोपणारी बॅटरी तीस वर्षं टिकत होती.

पहाटे तीनला ती झोपली तर कुणाला पत्ताही लागत नसे. पण हेरवाडकरांच्या पत्नीची, शालनकाकूंची फुप्फुसं दोन वर्षांपासून आतून घट्ट होत चालली होती. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं एक यंत्र त्यांच्या उशाशी दिवसरात्र घरघरत असे. ते बंद पडून चालणार नव्हतं.

"टपावर एवढी पॅनेलं आहेत," हेरवाडकर म्हणाले, "ती नाही का यंत्र थेट चालवणार?"

वसंत हेरवाडकर पाटबंधारे खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी कृष्णेची पाणीपातळी मोजली होती. ताराला त्यांना समजावणं सोपं गेलं.

"अण्णा, पॅनेल म्हणजे ओढा. ढग आला की आटला, ऊन आलं की फुगला. यंत्राला एकसारखी धार लागते, आणि ती हौदातूनच मिळते. हौदाचंच तोंड बंद झालं तर ओढा वाहून काय उपयोग?"

म्हणून तिनं हौद दोन केले. आठ बॅटऱ्यांच्या चार-चार करून दोन बँका, दोन्हींच्या तांब्याच्या पट्ट्या वेगळ्या, आणि मध्ये एक खटका. एक बँक झोपायला लागली की खटका आपोआप दुसरीवर पडेल. कंपनीकडे नोंदणीही तिनं दोन वेगळ्या बँका म्हणूनच केली. मग आठ दिवस गाडी आवारात उभी करून तिनं रोज पाहिलं. एक निजायची तेव्हा दुसरी जागी असायची. यंत्राची घरघर एकदाही तुटली नाही.

"काकू, बिनघोर फिरा," तिनं सांगितलं. "माझा शब्द आहे."

शालनकाकूंना नान्नजच्या माळावर जायचं होतं. तिथं माळढोक पक्षी पुन्हा सोडले होते म्हणे. बारा मेला दोघं निघाले.

एकोणीस मेला दुपारी पावणेचारला ताराचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज हेरवाडकरांचा.

"तारा, दोन्ही झोपल्या," ते म्हणाले. "शालन गेली."

*

दुसऱ्या दिवशी तारा नान्नजला पोचली. गाडी अजून माळावरच उभी होती. आसपास कमरेइतकं वाळलं गवत, सावलीला झुडूपही नाही. हेरवाडकर वनखात्याच्या चौकीच्या ओट्यावर बसले होते. अंत्यसंस्कार सकाळीच सोलापुरात झाले होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

"सकाळी तीन माळढोक दिसले तिला," ते म्हणाले. "जेवून पडली होती. बरोबर दोनला पंखा थांबला आणि यंत्र शिट्टी मारायला लागलं. मी म्हटलं, खटका पडेल आता. तू सांगितलं होतंस. मी खटक्याकडे बघत उभा राहिलो, तारा. दोन-तीन मिनिटं मी नुसता बघत उभा राहिलो."

नंतर त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. बँक उठवायचं बटण. त्यावर अक्षरं उमटली, 'केंद्राशी संपर्क करत आहे.' माळावर रेंज नव्हती. गाडी हाकून रस्त्यावर न्यावी म्हटलं तर गाडी चालवायची बॅटरीही त्याच कंपनीची. तीही झोपली होती. हाताशी असलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पंचवीस मिनिटं पुरला. बाहेर शेहेचाळीस अंश, आत भट्टी. त्यांनी काकूंना उचलून गाडीखालच्या सावलीत ठेवलं आणि चौकीकडे पळाले. वनरक्षक मोटरसायकलवरून आला तोवर उशीर झाला होता.

"दोन पन्नासला यंत्र आपोआप सुरू झालं," हेरवाडकर म्हणाले. "रिकाम्या पलंगाशेजारी."

तारा गाडीत शिरली. तिनं बँकेला लॅपटॉप जोडला आणि नोंदी काढल्या. खटका शाबूत होता, जोडण्या तिनं केल्या तशाच होत्या. खटक्यानं आपलं काम केलंही होतं. पहिली बँक बंद होताच तो दुसरीवर पडला होता, पण दुसरी त्याच सेकंदाला बंद झाली होती.

ती मागे मागे वाचत गेली. सव्वीस एप्रिलला कंपनीकडून नवा आदेश उतरला होता. त्यात एकोणीस मेपासून लागू होणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक, एका गाडीतल्या सगळ्या बॅटऱ्या यापुढं एकच बँक धरायच्या आणि एकदमच झोपवायच्या. दोन, झोपेची वेळ पहाटे तीनऐवजी दुपारी दोन.

दुपारी दोन का, हे कळायला ताराला क्षणही लागला नाही. मे महिन्यात दुपारी बॅटरी मुळातच पन्नास अंशांवर असते. साठवर न्यायला वीज लागतेच किती? पडदा जास्त चांगला बरा होणार, बॅटरी जास्त टिकणार आणि कंपनीला हमीपोटी बदलून द्याव्या लागणाऱ्या बॅटऱ्या कमी होणार. हिशोब चोख होता. त्या वेळी गाडीत कोण असेल, हे त्या हिशोबात कुठंच नव्हतं.

आणि वेळापत्रक महिन्याभरापूर्वीच उतरून बसलं होतं. झोपायला रेंज लागत नव्हती. जागं व्हायला लागत होती.

ताराने लॅपटॉप मिटला. चौकीवर परत येऊन तिथल्या फोनवरून तिनं भावाला फोन लावला.

श्रेणिक तिच्याहून सात वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. त्याचं इंजिनिअरिंग ताराने ट्रकच्या बॅटऱ्यांना पाणी घालून घालून पुरं केलं होतं. आता तो पुण्यात याच कंपनीचा सेवा-प्रमुख होता, आणि या बॅटऱ्या वापर म्हणून तिच्या मागे लागला होता तोच.

"एप्रिलचा आदेश कुणी काढला?" तिनं विचारलं.

"अक्का, मला कळलंय. फार वाईट झालं."

"मी काय विचारलं?"

"फोनवर नको बोलूया."

"श्रेणिक, माझ्या हातच्या एकसष्ट गाड्या आज रस्त्यावर आहेत. आज दुपारी दोनला सगळ्या झोपतील. आदेश मागे घ्या."

"ते माझ्या हातात नाही, अक्का. चौकशी होईल. तोवर तू कुणाशी काही बोलू नकोस, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

ताराने फोन कापला. एवढा वेळ तिच्या रागाला कुठं जावं ते कळत नव्हतं. आता कळलं.

*

आठवड्यानं कंपनीचा अहवाल आला. 'स्थानिक तंत्रज्ञाने बँकेची परस्पर दोन भागांत विभागणी केली होती. सदर विभागणी प्रमाणित रचनेत बसत नाही. ग्राहकास त्यामुळे अखंड पुरवठ्याची चुकीची खात्री वाटली.' आदेशाबद्दल चकार शब्द नव्हता. बटणाबद्दल नव्हता. खाली सही होती, श्रेणिक कुंभोजे.

ताराने तो कागद दोनदा वाचला. त्यातलं शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं. खात्री तिनंच दिली होती.

पण त्या अहवालाची वाट बघत ती बसली नव्हती. नान्नजहून परत येतानाच तिनं एकेका गिऱ्हाइकाला फोन करायला सुरुवात केली होती. कुणी गोकर्णला होतं, कुणी भंडारदऱ्याला, एक नर्सबाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन पार ओंकारेश्वरला. सगळ्यांना तिचं एकच सांगणं होतं. गाडी घेऊन या, आणि येईपर्यंत दुपारी दोन ते तीन गाडीत थांबू नका.

गाड्या येऊ लागल्या. तारा कंपनीनं सील केलेली पेटी उघडायची, एरियलची वायर कापायची, वेळापत्रक पुसायची. शेजारी एक जुनी, बिनडोक शिशाची बॅटरी बसवून तिला हातानं दाबायचा खटका द्यायची. ही बॅटरी जड होती, पाच-सहा वर्षांत मरणार होती, पण तिला कुणाचा आदेश कळत नव्हता. सील तोडणं गुन्हा होता. ताराने प्रत्येक गाडीवर तारीख घालून, 'सील मी तोडले' असं लिहून खाली सही केली.

अडतीस गाड्या झाल्या. एकतीस मेला सकाळी दोन सरकारी अधिकारी आले आणि त्यांनी वर्कशॉपला टाळं ठोकलं. आवारात तेव्हा सहा गाड्या रांगेत होत्या.

"मॅडम, तक्रार आहे कंपनीची," त्यांतला एक म्हणाला. "आम्हाला काय हौस आहे का?"

"दोन वाजता या गाड्यांत कुणाला बसू देऊ नका," तारा म्हणाली. "एवढं तरी कराल?"

त्यानं टाळं एकदा ओढून पाहिलं.

*

बॅटरीमुळं माणूस दगावला तर पंधरा दिवसांत चौकशी घ्यायची, असा नवा नियम होता. दोन जूनला सांगलीच्या सरकारी विश्रामगृहात समिती बसली. अध्यक्ष गद्रे नावाचे निवृत्त वीज अभियंते, त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला दोन सभासद. समोर कंपनीच्या वकीलबाई आणि श्रेणिक. पलीकडे तारा आणि हेरवाडकर. हेरवाडकरांची गाडी पुरावा म्हणून बाहेर आवारात आणून उभी केली होती. पावसाचा मागमूस नव्हता.

वकीलबाई तासभर बोलल्या. त्यांचा आवाज फार शांत होता. झोप ही बॅटरीची नैसर्गिक गरज आहे. वेळापत्रक बदलल्याची सूचना सर्व ग्राहकांच्या फोनवर गेली होती. उठवण्याचं बटण प्रत्येक गाडीत आहे. पन्नास मिनिटांची किरकोळ गैरसोय होते, पण त्या बदल्यात...

"किरकोळ?" तारा म्हणाली.

"आपली वेळ आल्यावर बोला," गद्रे म्हणाले.

ताराने घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"साहेब, माझी वेळ वीस मिनिटांनी आहे," ती म्हणाली. "मला भाषण करायचं नाही. बाहेर जी गाडी उभी आहे, तिच्यातल्या बँकेत एकोणीस मेपासून कुणी काहीच बदललेलं नाही. तिच्यात चला आणि बसा. फोन टेबलावर ठेवा. माळावर रेंज नव्हती, म्हणून गाडीचं एरियल काढून ठेवा. मी काढणार नाही, नाहीतर म्हणाल हिनंच काही केलं. कंपनीच्या माणसाला काढू द्या."

"हा नाट्यप्रयोग आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"पन्नास मिनिटांची किरकोळ गैरसोय आहे," तारा म्हणाली. "दाराला कडीसुद्धा लावणार नाही मी. नुसतं ओढून घेऊ, एसी लावून बसतात तसं. नको वाटेल त्यानं उठून जावं."

गद्र्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. "कुंभोजे," ते श्रेणिकला म्हणाले, "एरियल काढा."

श्रेणिक टपावर चढला. एरियलचा नट त्याला दोनदा निसटला. हेरवाडकर गाडीकडे पाठ करून विश्रामगृहाच्या पायरीवर बसले. आत यायला त्यांना कुणी विचारलं नाही.

गाडीत सहा माणसं बसली. पंखा आणि एसी चालू होता, उशाशी शालनकाकूंचं यंत्र घरघरत होतं. पलंगावर बसायला कुणी धजावलं नाही.

दोन वाजता खट्कन खटका पडला आणि सगळं थांबलं. लगेच यंत्र शिट्टी मारू लागलं. बारीक, सलग, कानात घुसणारी शिट्टी. गद्र्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. 'केंद्राशी संपर्क करत आहे.' त्यांनी पुन्हा दाबलं. तीच अक्षरं.

"ही शिट्टी बंद होत नाही का?" एका सभासदानं विचारलं.

"तिच्यापुरती छोटी बॅटरी आहे आत," तारा म्हणाली. "माणसाला श्वास देण्याइतकी नाही, शिट्टी मारण्याइतकी आहे."

टपाचा पत्रा तापलेला होता. पाचच मिनिटांत अंगातले कपडे चिकटले. सहाव्या मिनिटाला वकीलबाई तोंडाला पदर लावून उतरल्या. नवव्या मिनिटाला दोन्ही सभासद गेले. गद्रे यंत्राची नळी हातात धरून बसले होते. नळीतून काहीच येत नव्हतं. अकराव्या मिनिटाला त्यांनी ती हळूच उशीवर ठेवली, ताराकडे पाहिलं आणि खाली उतरले. त्यांचे ओठ सुकले होते.

श्रेणिक उठला नाही.

भाऊ-बहीण समोरासमोर बसले होते. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसत नव्हता. शिट्टी चालूच होती.

"जा," तारा म्हणाली. "तुझी सगळी माणसं गेली."

"अक्का, मी फेब्रुवारीत लिहून दिलं होतं."

"काय लिहून दिलं होतंस?"

"आदेशाचा मसुदा आला तेव्हा. मी लिहिलं, उठवायच्या बटणाला रेंज लागता कामा नये. आजारी माणसांच्या गाड्या वगळा, दोन बँका असतील तिथं दोन राहू द्या. वरून उत्तर आलं, रेंज नसलेल्या जागी मुक्काम करणारे शंभरात तीन. पुढं ढकलू. मी गप्प बसलो."

"आणि अहवाल?"

"तो लिहून आला होता. मी सही केली."

ताराचा हात उठला होता. तो तिनं कसाबसा मांडीवर दाबून धरला. एवढी वर्षं तिला वाटत होतं, की श्रेणिकला एखादी गोष्ट कळली नसेल म्हणून तो चुकतो. कळूनही चुकणारा श्रेणिक तिच्या ओळखीचा नव्हता.

"हे मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी कोण? मी इथं बसून काय करू तुझ्या पत्राचं? दार उघड आणि बाहेर जाऊन सांग."

"नोकरी जाईल, अक्का. कदाचित तुरुंगही."

"तेवीस गाड्या अजून तशाच आहेत. माझ्या. तुझ्या किती आहेत ते तुला माहीत. आत्ता, या मिनिटाला, त्या सगळ्या अशाच झोपल्यात. उठ."

तो उठला. तोल जाऊन त्यानं ओट्याला धरलं, मग दार ढकललं.

गद्रे आवारातल्या नळावर तोंड धूत होते. श्रेणिक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि जे आत बोलला तेच त्यानं पुन्हा सांगितलं. तारीख, कुणाला लिहिलं, काय उत्तर आलं, प्रत कुठं आहे. वकीलबाई मध्येच म्हणाल्या, "कुंभोजे, तुम्ही आता एकही शब्द बोलू नका." तो बोलत राहिला. गद्र्यांनी ओल्या हातांनीच वही मागवली.

त्या संध्याकाळी झोपेचा आदेश देशभर थांबवण्यात आला. पुढं बटणं बदलली, कंपनीचे दोन बडे अधिकारी घरी गेले, श्रेणिकवर खटला चालला. सील तोडल्याबद्दल ताराचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द झाला आणि दंडाच्या कागदावर सही करताना तिनं, 'पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन' असं लिहिलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आवारात श्रेणिक बोलायचा थांबला तेव्हा हेरवाडकर पायरीवरून उठून जवळ आले होते. ते कधी आले ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"फेब्रुवारीत?" त्यांनी विचारलं.

"हो," श्रेणिक म्हणाला.

"आम्ही बारा मेला निघालो."

श्रेणिक खाली वाकला. त्याचे हात त्यांच्या पायांपर्यंत पोचायच्या आत हेरवाडकरांनी पाय मागे घेतले आणि ते गाडीच्या दाराशी गेले. आत शिट्टी अजून वाजत होती. तारा दारातच उभी होती. तिनं बाजूला होऊन त्यांना वाट दिली, आणि भाऊ जमिनीवर वाकलेला होता तिकडं तिनं पाहिलं नाही.